सह्याद्रीचे गडकरी आणि समुद्रपारचे बंदिश्रम

‘काळे पाणी’ हा शब्द उच्चारला की मराठी वाचकापुढे अंदमान उभे राहते. आणि अंदमान म्हटले की १९०६ साली पुरे झालेले तेथील कोठड्यांचे कारागृह व १९११ मध्ये त्यात डांबले गेलेले विनायक दामोदर सावरकर. हा संस्कार इतका खोल आहे की, त्यापूर्वीच्या काळ्या पाण्याचा विचार करण्याचे कारण सहसा कोणास वाटत नाही. कालक्रम पाहू जाता मात्र चित्र निराळे दिसते. अंदमानातील बंदिवसाहतीचा आरंभ मार्च १८५८ मधला. डॉ. वॉकर पहिले दोनशे बंदी घेऊन तेथे उतरला, तेव्हा हिंदी कैदी समुद्रापार पाठविण्याचा सत्तर वर्षांचा अनुभव कंपनी सरकारच्या गाठीशी होता. सुमात्रा बेटावरील बेंकूलन, १७९० पासून पिनांग, १८१५ पासून मॉरिशस, १८२५ पासून मलाक्का व सिंगापूर अशी ही मालिका आहे. अंदमान हा या इतिहासाचा आरंभ नव्हे, उत्तरार्ध होय. प्रस्तुत लेखात त्याच्या पूर्वार्धाकडे, आणि विशेषतः पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेच्या डोंगरी मुलुखाचा त्याच्याशी जो संबंध पोचतो त्याकडे, लक्ष वेधावयाचे आहे.

समुद्रपार हद्दपारी हा दंडनीतीचा एक प्रकार, एवढ्यापुरताच तिचा विचार आपल्याकडे झाला आहे. वास्तविक ती मजुरांचा पुरवठा करणारी व्यवस्थाही होती. तिच्यात सापडलेल्या मुंबई इलाख्यातील अनेकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. सरकारी दप्तरात ‘दरोडेखोर’ म्हणून नोंदले जाण्यापूर्वी त्यांच्यातले कित्येक, किंवा त्यांचे बाप, राज्याचेच चाकर होते. गड, घाट आणि गाव यांचा पहारा करणे हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय होता. पहारेकरी गुन्हेगार कसा झाला, हे कळल्याखेरीज तो बेटावर का गेला हे कळावयाचे नाही.

यासाठी मुळशीच्या खोऱ्यापासून आरंभ करणे सोयीचे आहे. आज मुळशी म्हटले की धरणाचे विस्तीर्ण पाणी आठवते. पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या भागाचे महत्त्व पाण्यामुळे नव्हे, तर वाटांमुळे होते. सह्याद्रीच्या धारेवरून कोकणात उतरणाऱ्या लहानमोठ्या घाटवाटा येथून फुटतात, आणि त्या वाटांवर नजर ठेवण्यासाठी कोरीगड, घनगड, तैलबैला यांसारखी ठाणी उभी आहेत. पेशवाईच्या अखेरच्या युद्धात लेफ्टनंट कर्नल प्रॉथर याची फौज कोकणातून वर आली. मार्च १८१८ च्या पहिल्या आठवड्यात लोहगड व विसापूर पडल्यावर ११ मार्च रोजी ती कोरीगडासमोर उभी राहिली. गड सहजासहजी मिळाला नाही. तीन दिवसांच्या माऱ्यानंतर आतील दारूच्या कोठाराने पेट घेतला, स्फोट झाला, आणि मगच शिबंदीने गड खाली केला. घनगडाने त्यानंतर प्रतिकार केला नाही. तुंग व तिकोना हेही त्याच सुमारास इंग्रजांच्या हाती आले. बाजीराव जूनच्या आरंभी शरण गेला. परंतु या खोऱ्यापुरते राज्य मार्चमध्येच बदलले होते.

युद्धाच्या इतिहासात या प्रकरणाला दोन ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही, आणि युद्ध म्हणून ते तेवढ्याच योग्यतेचे आहे. त्याचे खरे परिणाम लढाई संपल्यावर सुरू झाले. डोंगरी गड ही केवळ लष्करी वास्तू नव्हती. किल्लेदार, सबनीस, कारखानीस यांच्या खाली गडाचा मेट, चौकी, दरवाजा व तट सांभाळणारा एक मोठा समाज असे. त्यात मराठे, कोळी, रामोशी, महार असे सर्व जातींचे लोक होते. गडाच्या घेऱ्यातील जमीन, ठरलेले धान्य, गावांकडून येणारे हक्क यांवर त्यांचा निर्वाह चाले. रोख पगार थोडा, तोही वेळेवर मिळेलच असे नाही. पण हक्क वंशपरंपरागत, आणि त्यासोबत येणारी प्रतिष्ठाही वंशपरंपरागत. या लोकांना शेती अगदीच अपरिचित नव्हती. परंतु सह्याद्रीच्या माथ्यावरील नाचणी-वरईच्या शेतीवर वर्ष निघत नाही. गडाची चाकरी हाच तिचा टेकू होता.

कंपनी सरकारच्या दृष्टीने असले किल्ले निरुपयोगी होते, आणि बंडखोरांच्या हाती गेले तर धोक्याचे. म्हणून तट पाडले, वाटा मोडल्या, टाकी बुजविली, आणि शिबंदी रजेवर गेली. ज्यांच्या हक्कांना लेखी आधार होता त्यांचे काही चालले; ज्यांचा हक्क केवळ वहिवाटीचा होता त्यांना तो सिद्ध करणे कठीण गेले. नव्या जमाबंदीत ‘हे काम कोण करतो व त्याची गरज काय’ असा प्रश्न प्रत्येक हक्कापुढे उभा राहिला. गडच उरला नाही, तेव्हा गडाच्या पहाऱ्याची गरज काय, या प्रश्नाला उत्तर नव्हते. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनी केलेल्या उठावाचे मूळही त्यांच्या जमिनी व हक्क यांवर आलेल्या गदेतच होते. यावरून हा अनुभव एका जिल्ह्याचा नव्हता हे दिसून येईल.

पुणे जिल्ह्यात या असंतोषाला तोंड फुटले ते प्रथम रामोशांमध्ये. पुरंदराच्या पायथ्याच्या भिवडी गावचा उमाजी नाईक १८२६ पासून पाच वर्षे सरकारशी झुंजत राहिला. मध्यंतरी सरकारने त्याला माफी देऊन नोकरीतही घेतले होते. डिसेंबर १८३१ मध्ये तो पकडला गेला व ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी गेला. त्याच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉश याने पुढल्याच वर्षी रामोशी जमातीचा एक वृत्तान्त छापून प्रसिद्ध केला. शत्रूच्या लेखणीतून उतरलेला असला तरी तो आजही टाळता येत नाही. जुन्नर, घोडे, राजूर या बाजूला कोळ्यांचे उठाव १८२८ ते १८३० या काळात एकदा व १८३९ च्या सुमारास पुन्हा झाले. दुसऱ्या उठावात भाऊ खरे, चिमणाजी जाधव व नाना दरबारे हे पुढारी होते, आणि आपण पेशव्यांच्या वतीने कारभार हाती घेत आहोत असे त्यांनी जाहीर केले होते. पुढे राघोजी भांगरे उठला. जानेवारी १८४८ मध्ये तो पंढरपूर येथे सापडला आणि २ मे रोजी ठाण्यास फासावर गेला.

आपली स्मृती येथे थांबते. जे फासावर गेले त्यांची नावे राहिली, पोवाड्यांत आली, पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर कोरली गेली. परंतु प्रत्येक नाईकामागे जे पाचपन्नास लोक होते, ज्यांना मारण्याइतके सरकारला ते महत्त्वाचे वाटले नाहीत आणि सोडण्याइतके निरुपद्रवीही वाटले नाहीत, त्यांचे काय झाले? काहींना मुदतीची कैद झाली, काही माफीचे साक्षीदार झाले, आणि काहींच्या वाट्याला समुद्र आला.

या शिक्षेला मुंबई इलाख्यात निश्चित कायदेशीर रूप आले ते एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या संहितेत. तिच्यातील चौदाव्या नियमात गुन्हे व शिक्षा यांची व्याख्या असून मृत्यूच्या खालोखाल हद्दपारीला स्थान आहे. पेशवाईतही कैद होती, पण ती डोंगरी किल्ल्यांवर; गडावर ठेवलेल्या कैद्यांकडून तेथील बांधकामाची कामे करून घेण्याची चाल होती, आणि त्यांचा पहारा हेच गडकरी करीत. म्हणजे ज्याच्या बापाने गडावर कैदी राखले, तोच आता कैदी झाला आणि त्याला राखावयास गड उरला नाही, असा हा उलटा फेरा आहे. नव्या राज्यकर्त्यांना हद्दपारी आवडण्याचे एक कारण ते मोकळेपणाने सांगत. समुद्र ओलांडण्याने जात जाते, असा हिंदू समाजाचा समज असल्यामुळे या शिक्षेचा धाक मृत्यूपेक्षाही मोठा आहे, असे त्यांचे मत होते. आमच्या मते या मताला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. रामोशी किंवा कोळी यांच्या जीवनात समुद्रोल्लंघनाच्या पातकाला ब्राह्मणी घरांतील स्थान नव्हते. त्यांना भय होते ते न परतण्याचे. कैद्याचे काय झाले हे त्याच्या गावाला कधीच कळत नसे. बायकोला वैधव्य येत नसे आणि सौभाग्यही राहत नसे.

शिक्षा झालेले कैदी ठाण्याच्या किल्ल्यातील तुरुंगात जमा होत व तेथून जहाजाची वाट पाहत. स्वतंत्र बंदिनौका नव्हत्या. खाजगी व्यापाऱ्यांच्या मालवाहू जहाजांवर ठरलेल्या भाड्याने कैदी चढविले जात. पहारा तुटपुंजा असे. पाण्याचे पीप सर्वांना एक, आणि शिजविलेल्या अन्नाचा प्रश्न जातीमुळे बिकट. प्रवास निमूटपणे होई असे मात्र नाही. १८३९ साली मुंबईहून सिंगापूरकडे निघालेल्या ‘व्हर्जिनिया’ जहाजावर कैद्यांनी उठाव करून जहाज ताब्यात घेतले. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, असे डोंगरातले लोकही अशा जहाजांवर असत. त्यांना जहाज हाकता येणे शक्य नव्हते. तरी ते परत फिरविता येईल अशी आशा त्यांना वाटली, यातच त्या भयाचे माप आहे.

आता मॉरिशसकडे वळू. हे बेट इंग्रजांनी फ्रेंचांकडून डिसेंबर १८१० मध्ये जिंकले व १८१४ च्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. पहिला गव्हर्नर रॉबर्ट फार्क्वार याच्यापुढे मोठी अडचण होती ती मजुरांची. इंग्लंडने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला होता. चोरटा व्यापार चालू असला तरी सरकारला उघडपणे गुलाम विकत घेता येत नव्हते, आणि मळेवाले आपले गुलाम रस्त्याच्या कामावर देण्यास तयार नव्हते. फार्क्वार हा पूर्वी १८०४-०५ मध्ये पिनांगचा कारभार पाहत असे, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. हिंदी कैद्यांच्या श्रमावर एखादे बेट कसे उभे राहते, हे त्याने तेथे पाहिले होते. त्याने कलकत्त्याकडे कैदी मागितले, आणि १८१५ मध्ये पहिली जहाजे पोर्ट लुईस बंदरात पोचली. पुढे मुंबईहूनही कैदी जाऊ लागले. १८३७ पर्यंत बंगाल व मुंबई मिळून सुमारे पंधराशे कैदी या बेटावर उतरविण्यात आले. मुंबईच्या कैद्यांत भिल्ल आणि रामोशी होते, आणि मुंबईहून होणाऱ्या या पाठवणीचा काळ खानदेश व पुणे येथील बंदोबस्ताच्या मोहिमांच्या काळाशी जुळतो. सह्याद्रीत शांतता प्रस्थापित होत होती, आणि त्या शांततेची मजुरी मॉरिशसला मिळत होती.

हा व्यवहार उभय पक्षांना सोयीचा होता. कंपनीला तुरुंगातील गर्दी व धोकेबाज माणसे यांतून मोकळीक मिळे. बेटाच्या सरकारला पोसण्याच्या खर्चात पुरुष मजूर मिळे, ज्याला वेतन नाही, ज्याची मुदत संपत नाही, आणि जो पळून गेला तरी जाणार कोठे? १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील ब्रिटनमधील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी झाली. त्याबरोबर उसाची लागवड झपाट्याने पसरली. ऊस गाळून झालेली साखर बंदरात पोचवावयाची तर रस्ते हवेत, पूल हवेत. हे रस्ते बांधण्याचे व दुरुस्त राखण्याचे काम मोठ्या प्रमाणावर या कैद्यांनी केले. त्यांच्या टोळ्या बेटभर विखुरलेल्या असत. जेथे काम तेथे रस्त्याकडेला गवताच्या झोपड्या घालून ते राहत, आणि टोळीवरचा मुकादम बहुधा त्यांच्यातलाच एक असे. भिंती आड कोंडलेल्या कैद्यांचे चित्र येथे लागू पडत नाही. झोपडीजवळ भाजीचा वाफा, चार कोंबड्या, सुटीच्या दिवशी बाहेर थोडी मजुरी, बेटावरील गुलाम वा मुक्त स्त्रीशी संसार, हे सर्व त्या जीवनात होते. आणि फटकेही होते, बेड्याही होत्या, रानात पळून जाणेही होते.

या खात्याचा पहिला अधीक्षक फ्रान्सिस रोसी हा मूळचा कॉर्सिका बेटावरचा सैनिक अधिकारी. पुढे १८२५ मध्ये तो सिडनी येथे पोलिसांचा प्रमुख म्हणून गेला. हिंदी कैद्यांवर कमावलेला अनुभव गोऱ्या कैद्यांच्या वसाहतीत उपयोगी पडावा, असे हे एकाच साम्राज्याचे एकच खाते होते. कैदी मात्र खात्यात एकमेकांपासून वेगळे मोजले जात. नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरील खुणा, गुन्हा, शिक्षा असे रकाने असलेल्या नोंदवह्यांतून हा माणूस आपल्याला भेटतो. इंग्रज कारकुनाच्या कानाने ऐकलेली मराठी नावे त्यांत ओळखू न येण्याइतकी मोडलेली आहेत. अंगावरच्या देवीच्या व्रणांचे वर्णन नावापेक्षा अधिक काळजीपूर्वक केलेले असते, कारण फरारी शोधताना नावाचा उपयोग नसतो.

विषयांतर झाले तरी येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. मॉरिशसचा खडक हा ज्वालामुखीतून निघालेला काळा बेसाल्ट आहे, आणि सह्याद्रीही त्याच जातीच्या खडकाचा बनलेला आहे. भूशास्त्रज्ञांचे आजचे मत असे की, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या भूगर्भीय उष्णस्रोतातून दख्खनचे थर बाहेर पडले, त्याच स्रोतातून पुष्कळ नंतरच्या काळात मॉरिशस व रियुनियन ही बेटे वर आली. कोरीगडाच्या परिसरातला मनुष्य त्या बेटावर खडी फोडावयास बसला असता, तर त्याच्या घणाखाली आपल्या तटाचाच दगड आला असता.

या कैद्यांना पाहिलेल्या एका परक्या साक्षीदाराचे म्हणणे नोंदण्यासारखे आहे. चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावरून परत जाताना १८३६ च्या एप्रिल-मेमध्ये काही दिवस पोर्ट लुईसला थांबला होता. त्याच्या प्रवासवृत्तात हिंदी कैद्यांची संख्या सुमारे आठशे दिली आहे. पांढऱ्याशुभ्र दाढीमिशांच्या त्या वृद्धांच्या मुद्रेवरील तेजाने तो चकित झाला, आणि त्यांची स्वच्छता, शांत वागणूक व धर्माचरणातील निष्ठा पाहून न्यू साउथ वेल्समधील गोऱ्या कैद्यांच्या नजरेने यांच्याकडे पाहणे अशक्य आहे असे त्याला वाटले. बहुतेकांना खून व तत्सम गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेली असली, तरी काहींचा अपराध नैतिक दृष्ट्या अपराध म्हणता येणार नाही, हेही त्याने लिहिले आहे. डार्विनला त्यांची भाषा येत नव्हती व तो त्यांचा वकीलही नव्हता. वाटेने जाताना त्याला जे दिसले ते मुंबईच्या न्यायालयांना का दिसले नाही, हा प्रश्न विचारण्याचा मोह आवरत नाही. दिसले असते तरी उपयोग नव्हता, कारण न्यायालयापुढे प्रश्न माणसाचा नसून मुलखाच्या बंदोबस्ताचा होता.

कैद्यांची ही आयात थांबली ती दयेपोटी नव्हे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून छत्तीस करारबद्ध हिंदी मजूर पोर्ट लुईसला आले, आणि फेब्रुवारी १८३५ मध्ये बेटावरील गुलामगिरी कायद्याने संपली. मजूर मिळविण्याची नवी रीत सापडल्यावर जुन्या रीतीची गरज राहिली नाही. १८३७ नंतर मॉरिशसला कैदी गेले नाहीत. जे उरले होते त्यांतील शेवटच्यांना १८५३ मध्ये मोकळे करण्यात आले. चाळीस वर्षांचा तो मुक्काम होता, आणि मोकळे झालेले बहुतेक वृद्ध झाले होते. करारबद्ध मजुरांची पाठवणी काही काळ बंद राहून १८४२ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा मुंबई बंदरातूनही लोक गेले. कोकणातून व घाटावरून गेलेल्या त्या कुटुंबांचे वंशज आज मॉरिशसचा मराठी समाज म्हणून ओळखले जातात. त्यांचे पूर्वज करार करून आले, कैदी म्हणून नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत करू नये. पण ज्या रस्त्यांवरून ते मळ्यांकडे चालत गेले ते कोणी बांधले, हे त्या समाजाच्या इतिहासातही लिहिले जावयास हवे.

मॉरिशसचे दार बंद होताच मुंबईचे कैदी प्रामुख्याने सिंगापूरच्या बाजूला जाऊ लागले. तेथील व्यवस्था अधिक काटेकोर होती. कैद्यांचे सहा वर्ग होते. वर्तनाप्रमाणे मनुष्य वर चढे वा खाली येई, आणि वरच्या वर्गातील कैद्यांनाच इतरांवर पहारा करण्यास नेमले जाई. तेथे अधिकारी असलेल्या मॅक्नेअरने पुढे १८९९ मध्ये या पद्धतीवर पुस्तक लिहिले, त्याचे नावच मुळी कैदी हेच आपले पहारेकरी अशा अर्थाचे आहे. सेंट अँड्र्यूजचे प्रार्थनामंदिर व गव्हर्नरचा वाडा या सिंगापूरच्या भूषणभूत इमारती हिंदी कैद्यांनी बांधल्या. पिढीजात पहारेकऱ्याला पहाऱ्याची नोकरी परत मिळाली ती अशी, दोन हजार मैलांवर.

या व्यवस्थेची खरी प्रकृती कळण्यास मात्र तिची उलट बाजू पाहिली पाहिजे, आणि त्यासाठी महाबळेश्वरापलीकडे जाण्याची गरज नाही. साताऱ्याच्या छत्रपतींकडून १८२९ मध्ये मोबदला देऊन घेतलेल्या या जागी सर जॉन माल्कमने गोऱ्यांसाठी आरोग्यस्थान वसविले. तेथील रस्ते व बागा तयार करण्यासाठी १८३४ च्या सुमारास कैदी ठेवण्यात आले, ते चिनी व मलायी. मलाक्का सामुद्रधुनीच्या वसाहतींत ज्यांना शिक्षा झाली, त्यांना त्यांच्या मुलखात ठेवणे धोक्याचे म्हणून समुद्रपार मुंबईला पाठविले जाई, आणि त्यातले काही सह्याद्रीच्या माथ्यावर येत. बटाटे व विलायती भाज्या यांची लागवड, वेताच्या टोपल्या व खुर्च्या, वळणावळणांचे घोड्यांचे रस्ते, यांचे श्रेय जुने लेखक त्यांना एकमुखाने देतात. १८६४ मध्ये हा तुरुंग मोडण्यात आला. इकडचा रामोशी तिकडे रस्ते बांधतो, तिकडचा चिनी इकडे. दोघांनीही आपापल्या देशात तेच काम का केले नसते? रस्ते दोन्हीकडे हवेच होते. तेव्हा आम्हांला असे दिसते की, या पद्धतीत बेटाला स्वतःचे असे काहीच महत्त्व नव्हते. महत्त्व होते ते माणसाला त्याच्या गोतापासून तोडण्याला. ज्याची भाषा आसपास कोणी बोलत नाही, ज्याला कोणी लपवीत नाही, ज्याच्यासाठी कोणी अर्ज करीत नाही, त्याचे श्रम सर्वांत स्वस्त पडतात. गोतापासून तोडलेल्या माणसाला साम्राज्यातील कोणतेही ठिकाण बेटच होते, महाबळेश्वरही.

सरकारमध्ये या सर्वांविषयी एकमत होते असे नाही. मेकॉलेच्या सूचनेवरून नेमलेल्या तुरुंग समितीने १८३८ मध्ये आपला अहवाल दिला. कैद्यांना साखळदंड घालून उघड्यावर रस्त्यांच्या कामाला लावण्याची पद्धत तिने सदोष ठरविली. पहाऱ्याचा खर्च फार, शिस्त नाही, आणि कैदी बाहेरच्या लोकांत मिसळतो हे तिचे आक्षेप होते. मोठी मध्यवर्ती कारागृहे बांधून भिंतींच्या आत कंटाळवाणे काम द्यावे, असे तिने सुचविले. समुद्रपार हद्दपारीची भीती मात्र उपयुक्त मानली. सूचना अमलात येण्यास तीस वर्षे लागली. पुण्याजवळ येरवड्याचे मध्यवर्ती कारागृह १८७१ च्या सुमारास उभे राहिले. तेथे काम भिंतींच्या आत गेले, आणि विजापूरच्या जुन्या गालिच्यांचे नमुने समोर ठेवून कैद्यांनी विणलेले गालिचे नावाजले गेले. सिंगापूरच्या वसाहती १८६७ मध्ये इंग्लंडातील वसाहत खात्याकडे गेल्या व १८७३ पर्यंत तेथील हिंदी कैद्यांची व्यवस्था आवरली गेली, उरले अंदमान. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी जे बंड उभारले, त्याचेही मनुष्यबळ मुख्यतः रामोशांचे होते. फडक्यांना एडनला पाठविण्यात आले. ते १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच निवर्तले. दौलतराव नाईक चकमकीत पडला, आणि बाकीच्यांच्या बाबतीत पुन्हा तोच अनुभव आला: पुढाऱ्यांची नावे राहिली, इतर संख्येत जमा झाले.

मुळशी खोऱ्याचा बंदिश्रमाशी संबंध अशा रीतीने जुन्या काळातच संपला असता, तर तो गडकऱ्यांच्या इतिहासातील एक उपप्रकरण म्हणून सोडून देता आला असता. तसे झाले नाही. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाखाली पन्नासाहून अधिक गावे जाणार हे ठरल्यावर १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. तीन वर्षे तो चालला. सेनापती बापटांप्रमाणेच नांगर सोडून आलेले साधे शेतकरी, आणि त्यांच्याबरोबर बाहेरून आलेले स्वयंसेवक, येरवड्याला गेले. नेमून दिलेले काम पुरे केले नाही म्हणून त्यांच्यातील काहींना तेथे फटके मारण्यात आले. महात्मा गांधी त्या वेळी, म्हणजे मार्च १९२२ ते फेब्रुवारी १९२४ या मुदतीत, त्याच तुरुंगात होते. मुळशी पेट्यातील कैद्यांना फटके बसल्याचे कळताच त्यांनी मध्ये पडण्याचा प्रयत्न केला, आणि सुटल्यावर आपल्या तुरुंगातील अनुभवांत ती हकीकत लिहिली. कैद्याने किती काम करावयाचे, ते कमी पडले की कोणती शिक्षा, आणि काम न करण्याचा अधिकार कैद्याला आहे काय, हे प्रश्न मॉरिशसच्या टोळ्यांतही रोज निघत असत. फक्त तेथे शेजारच्या कोठडीत ते लिहून ठेवणारे कोणी नव्हते. मुळशीचे धरण १९२७ मध्ये पुरे झाले. खोऱ्यातील सुपीक जमीन पाण्याखाली गेली. कोरीगड आणि घनगड उंचावर असल्यामुळे राहिले.